एमएसची लक्षणं ओळखायला एवढा काळ का लागला

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आजाराची लक्षणं आज मोबाईलवर एका मिनिटात सापडतात, पण ही सगळी एकाच आजाराची आहेत हे कळायलाच खूप काळ गेला, कारण ती येतात, जातात आणि दरवेळी वेगळ्याच जागी येतात.

इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस डेस्टे, त्याची १८२२ मध्ये अचानक नजर अंधुक झाली, औषध न घेताच सुधारली, मग पुढच्या वर्षांत पायातली ताकद गेली, बधिरपणा आला, लघवीचा त्रास सुरू झाला. हे सगळं त्याने डायरीत लिहून ठेवलं पण १८४८ ला वारला तेव्हा त्याच्या आजाराला नावच नव्हतं.

१८६८ मध्ये पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने आजार नीट मांडला. बुबुळं थरथरणं, वस्तू घ्यायला हात पुढे केला की कापणं, तुटक बोलणं ही त्याने सांगितलेली तीन लक्षणं, पण सुरुवात बहुतेकांची अशी होतच नाही, ती होते मुंग्या, बधिरपणा, एका डोळ्याने धूसर दिसणं, तोल जाणं अशी.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उथॉफचं निरीक्षण. या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८९० मध्ये बघितलं की श्रम केले की पेशंटची नजर कमी होते. खरं कारण उष्णता, हे नंतर कळलं. मायलिनचं म्हणजे नसेवरचं संरक्षक आवरण गेलेल्या नसेतून शरीर तापलं की सिग्नल नीट जात नाही. एमआरआय यायच्या आधी तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं येतात का बघायचे!

आपल्या नाशिकच्या मे महिन्यात वेगळा टब लागतच नाही. माझी मामेबहीण सातपूरहून दुपारी दोनला स्कूटीवर घरी यायची तेव्हा उजव्या डोळ्यापुढे धुरकट व्हायचं, पंख्याखाली अर्धा तास बसली की साफ, घरचे म्हणायचे ऊन लागलंय, कांदा जवळ ठेव, डॉक्टर म्हणाले बी ट्वेल्व्ह कमी असेल. उन्हाने नवीन इजा होत नाही, जुनीच वर येते, पण हे तिला कोणी सांगितलंच नाही. नवीन त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर मात्र थेट न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा.

मान खाली वाकवली की पाठीतून करंट जातो त्याला लेर्मिट या फ्रेंच डॉक्टरचं नाव १९२४ नंतर मिळालं. आणि थकवा, जो बहुतेकांना सगळ्यात जास्त छळतो, तो तर फार उशिरा गांभीर्याने घेतला गेला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आला हे फार बरं झालं, पण बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं आणि थकवा टक्क्यात बसवणं अवघडच.