ॲन हॅथवे कॉटेज

इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या पश्चिमेला साधारण दीड किलोमीटरवर शॉटरी नावाचं खेडं आहे, तिथलं हे पेंढ्याने शाकारलेलं जुनं घर म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोचं, ॲनचं माहेर. नावात कॉटेज असलं तरी गरिबाची झोपडी वगैरे अजिबात नाही, चांगलं बारा खोल्यांचं शेतकऱ्याचं घर आहे. ॲन १५५६ च्या आसपास जन्मली, १५८२ मध्ये लग्न झालं तेव्हा ती २६ ची आणि नवरा १८ चा.

सगळ्यात जुना भाग १४६० च्या दशकातला. त्याच्या सांगाड्याची रीत अशी: एकाच झाडाचं वाकडं खोड उभं चिरून त्याच्या दोन फाका जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत समोरासमोर टेकवायच्या, म्हणजे छताचा भार त्या जोडीवरच येतो आणि मधल्या भिंती काठ्या विणून माती लिंपलेल्या, कुडाच्या असल्या तरी चालतात. तेव्हा मधल्या दालनाला माळा नव्हताच, चूल जमिनीवर आणि धूर वर चढून छतातून बाहेर. पुढे चिमण्या बांधल्या, धुराला वाट मिळाली तसा वर मजला घालता आला, घराचं खरं रूप पालटलं ते इथे. एका चिमणीवर आय. एच. १६९७ असं कोरलंय, तो जॉन हॅथवे (तेव्हा जे ऐवजी आय लिहीत). स्वयंपाकघरात भिंतीतली पावाची भट्टी अजून आहे.

छताचा उतार मुद्दाम इतका तीव्र ठेवतात की पाणी वरच्या वर ओघळून जातं आणि आतला पेंढा कोरडाच राहतो. पेंढ्या बसवायला हेझल नावाच्या झुडपाच्या काड्या मधोमध पिळून, वाकवून आत खुपसतात. आढ्यावरचा पेंढा बाकीच्या छतापेक्षा लवकर झिजतो, तो अधूनमधून नव्याने घालावाच लागतो.

हॅथवे आधी कुळं होते, १६१० मध्ये ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू याने घर मालकीचं केलं. आत एक कोरीव जुना पलंग दाखवतात. शेक्सपिअरने मृत्युपत्रात बायकोला दिलेला तो प्रसिद्ध ‘दुसऱ्या नंबरचा’ पलंग हाच, असं लोक हौसेने म्हणतात, पण पुरावा काही नाही.

१८९२ मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने घर विकत घेतलं, तरी घराण्यातली मेरी बेकर शेवटपर्यंत तिथेच राहून येणाऱ्यांना घर दाखवत होती. १९६९ मध्ये आग लागून बरंच नुकसान झालं, मग ट्रस्टने दुरुस्ती करून छत पुन्हा पेंढ्याचंच घातलं.