ट्रेलरला बॅटरी कोणती? आधी एका रात्रीचा हिशेब

सहलीत मुक्कामाला ट्रेलर नेणारे बहुतेक जण दुकानात आल्या आल्या विचारतात, "शंभरची बसवू की दीडशेची?" आम्ही उलट विचारतो, "ट्रेलरमध्ये फ्रिज आहे का?" कारण बॅटरीचा निम्मा निर्णय तिथेच होतो. हे पत्रक घरी निवांत वाचा, मागच्या कोऱ्या बाजूवर आपला हिशेब मांडा आणि मग या.

हिशेब असा मांडा

प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले ती चालते तेवढे तास. समजा, चौघांचं कुटुंब एप्रिलमध्ये भंडारदऱ्याला एक दिवस-रात्र मुक्काम करणार आहे. ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज साधारण ५० वॅट घेतो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरलं तर २४ तासांत ६०० वॅट-अवर. १५ वॅटचे दोन डीसी पंखे रात्रभर, म्हणजे नऊ तास, २७०. पाच वॅटचे तीन दिवे पाच तास, ७५. चार मोबाइल मिळून ६०. पाण्याचा पंप दिवसभरात पंधरा मिनिटं, १५. बेरीज १०२०. तिला १२ व्होल्टने भागलं की ८५ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप).

आता यातून फ्रिज काढा. उरतात ४२० वॅट-अवर, म्हणजे जेमतेम ३५ एएच. थंडीत पंखेही लागत नाहीत, मग तर १५० वॅट-अवरमध्ये काम होतं. बर्फाच्या डब्यात दूध-भाजी नेणाऱ्या माणसाला मोठी बॅटरी विकणं आम्हाला सोपं आहे, पण त्याला तिची गरज नसते.

डब्यावरचा आकडा आणि हाताशी येणारी वीज

लेड-ॲसिड बॅटरीवर १०० एएच लिहिलेलं असलं, तरी तिच्यातून ५० च्या खाली उतरू नये. रोज तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरते. शिवाय तो आकडा वीस तासांत सावकाश उपसण्याचा असतो. जोरात ओढलं तर ती तेवढंही देत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, यातून ८० ते ९० एएच बिनधास्त वापरता येतात. म्हणून वरच्या फ्रिजवाल्या कुटुंबाला लेड-ॲसिडमध्ये १७० एएच लागेल, एलएफपीमध्ये १०० एएचची एक पुरेल. फ्रिज नसलेल्यांना ७५-८० एएचची लेड-ॲसिड पुरते.

गाडीची जुनी बॅटरी ट्रेलरला लावू का, असं बरेच जण विचारतात. लावू नका. ती स्टार्टरला काही सेकंद जोराचा झटका देण्यासाठी बनवलेली असते, आतल्या प्लेटा पातळ असतात. रात्रभर पंखा चालवायला जाड प्लेटांची डीप सायकल, म्हणजे सावकाश खोलवर उपसून पुन्हा भरता येणारी बॅटरी लागते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर? डीप सायकल म्हणून ती उत्तमच, पण घरात, एका जागी. आमच्या पहिल्या डेमो ट्रेलरला आम्ही हौसेने १५० एएचची उंच ट्युब्युलर बसवली होती. ताम्हिणी घाटाच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर ताटाएवढा काळा डाग, बोट लावलं की भुसा निघत होता. वळणावळणाला झाकणातून ॲसिड पाझरत होतं. शिवाय तिचं वजन ५० किलोच्या वर. ट्रेलरचं एकूण वजनच सहाशे-सातशे किलो असेल तर ते एका कोपऱ्यात ठेवून चालत नाही. आणि ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. माणसं झोपतात त्या बंद खोलीत ती नकोच. लेड-ॲसिडच घ्यायची तर सीलबंद एजीएम घ्या, तिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. १०० एएचची एजीएम तीसेक किलोची असते, तेवढीच एलएफपी १२-१३ किलोची.

मग सरळ लिथियमच घ्यायची का?

वर्षाकाठी दहा-बारा सहली आणि सोबत फ्रिज असेल तर हो. किंमत जास्त आहे, पण एजीएम निम्मी उपसत गेलं तर पाचशेच्या आसपास फेऱ्या (उपसणं आणि पुन्हा भरणं, ही एक फेरी) देते आणि एलएफपी दोन हजारांच्या वर. दिवाळी आणि मे, अशा दोनच सहली होत असतील तर एजीएमने काम भागतं. दर सतत बदलतात म्हणून इथे छापत नाही, फोनवर विचारा.

लिथियम घेताना मात्र आत काय आहे ते विचारा. जुन्या ई-रिक्षाचे सेल नव्या डब्यात भरून विकणारे बाजारात आहेत. बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या पोटातलं रखवालदार सर्किट, किती अँपिअरचं आहे तेही पाहा. १०० एएचच्या बॅटरीत ते बहुधा १०० अँपिअरचं असतं. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरवर लावली की १५० च्या वर अँपिअर ओढले जातात, बीएमएस जोडणी तोडतं आणि भात अर्धा कच्चा राहून सगळं अंधारात. चहाला गॅसची छोटी शेगडीच बरी.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा: शून्य अंशाच्या खाली एलएफपी वापरता येते, पण चार्ज करायची नाही. उलट, विदर्भातल्या मे महिन्यात ट्रेलर उन्हात उभा असेल तर कोणतीही बॅटरी बंद पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. सततच्या उष्णतेत २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

भरायची कशी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गाडीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत सहा मीटर, जाऊन-येऊन बारा मीटर तार. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून २० अँपिअर नेले तर वाटेतच एक व्होल्ट गळतो. अल्टरनेटरने (गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या वीज बनवणाऱ्या यंत्राने) १४ व्होल्ट दिले तरी बॅटरीला १३ मिळतात, आणि लेड-ॲसिडला पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. म्हणजे गाडी दिवसभर चालवली तरी ती अर्धपोटीच. बीएस-सहा गाड्यांत बऱ्याचदा अल्टरनेटर स्वतःहून व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे हे आणखी बिघडतं. म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) आणि निदान १० चौरस मिलिमीटरची तार. २० अँपिअरचा चार्जर चार तासांच्या प्रवासात ८० एएच भरतो. पुण्याहून भंडारदऱ्याला पोचेपर्यंत काम झालेलं असतं. एलएफपीला तर हा चार्जर हवाच. तिला थेट जोडलं तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो.

१०० वॅटचं सोलर पॅनेल डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी ४०० वॅट-अवरच्या आसपास देतं. जुलैत त्याच्या भरवशावर राहू नका, आणि सावलीसाठी ट्रेलर झाडाखाली लावलात तर डिसेंबरातही नाही. घरच्या इन्व्हर्टरच्या चार्जरवर एलएफपी लावू नये. काही चार्जर ट्युब्युलरसाठी मधूनमधून १५ व्होल्टच्या वर जातात.

बसवल्यानंतर

मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तोच आगीपासून वाचवतो. तो लांब, स्विचबोर्डापाशी लावला असेल तर मधली सगळी तार उघड्यावर.

मीटर बघताना: लेड-ॲसिड तासभर विश्रांतीनंतर १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. एलएफपी मात्र जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ च्या आसपासच दाखवत राहते, म्हणून तिला शंट (करंट मोजण्यासाठी तारेत बसवायची पट्टी) लावलेला, आत-बाहेर होणारे एएच मोजणारा मीटर घ्या. कोकणच्या किनाऱ्यावरून आलात की टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावा. सहलींच्या मधल्या काळात लेड-ॲसिड महिन्यातून एकदा पूर्ण भरा. एलएफपी निम्मी भरून मायनस काढून ठेवली तरी चालते.

जुनी लेड-ॲसिड भंगारवाल्याला देऊ नका, आम्ही किलोवर घेतो आणि नव्या बिलातून पैसे वजा करतो. येताना ट्रेलरच्या पेटीची लांबी-रुंदी-उंची आणि फ्रिजच्या मागे चिकटवलेल्या पट्टीचा फोटो आणा.