लाइट इन द फॉरेस्ट, द

अमेरिकन लेखक कॉनरॅड रिक्टर (१८९०–१९६८) यांची १९५३ सालची छोटेखानी कादंबरी आणि तिच्यावरून वॉल्ट डिस्नीच्या संस्थेने १९५८ मध्ये काढलेला चित्रपट. पेनसिल्व्हेनिया–ओहायो सरहद्दीवर अमेरिकन इंडियनांनी (तिथल्या मूलनिवासींनी) पळवून नेलेल्या एका गोऱ्या मुलाची ही गोष्ट. फक्त त्याचे हाल सुरू होतात ते सुटकेनंतर.

सरहद्दीवरच्या बंदिवासकथा हा अमेरिकेतला फार जुना वाङ्मयप्रकार. मेरी रोलंडसन हिचे १६८२ साली छापलेले आत्मकथन त्याचा आरंभ मानले जाते. पुढे त्याला ठरावीक वळण पडले : हल्ला, हाल, देवावर भरवसा आणि अखेर आपले घर. प्रत्यक्षात पळवलेल्या मुलांना पुष्कळदा एखाद्या मृताच्या जागी दत्तक घेतले जाई आणि ती तिथलीच होऊन जात. अशीच पळवलेली मेरी जेमिसन सेनेका या इंडियन जमातीतच राहिली, तिथेच तिने संसार केला. १७६४ च्या शरद ऋतूत ब्रिटिश सैन्यातला कर्नल हेन्री बूके सुमारे १,५०० सैनिकांनिशी ओहायोतल्या मस्किंगम नदीच्या खोऱ्यात उतरला आणि त्याने सगळे गोरे बंदिवान परत मागितले. दोनशेहून अधिक परत मिळाले. त्यांतल्या काहींना शॉनी जमातीच्या लोकांनी अक्षरशः बांधून आणले आणि काही स्त्रिया मागाहून पळून पुन्हा तिकडेच गेल्या, असे मोहिमेच्या समकालीन वृत्तांतातच नमूद आहे.

रिक्टर यांनी नेमकी हीच जागा हेरली. त्यांचा नायक जॉन बटलर चार वर्षांचा असताना पळवला गेलेला. लेनापी जमातीचा योद्धा कायलोगा त्याला मुलगा मानतो, ‘ट्रू सन’ असे नाव देतो. अकरा वर्षांनी जन्मदात्यांच्या घरी आणल्यावर तो पलंग सोडून जमिनीवर झोपतो. जोडे घालायचे म्हणजे त्याला शिक्षा वाटते. जीव लागतो तो फक्त धाकट्या भावावर, गॉर्डीवर. नात्यातला विल्स हा पॅक्स्टनच्या टोळीतला. या टोळीने डिसेंबर १७६३ मध्ये २० निरपराध कोनेस्टोगा इंडियनांना ठार केले, हा इतिहास आहे. ट्रू सन पळून जंगलात परततो, पण तिथे सोबत्यांनी गोऱ्यांना मारून विजयचिन्ह म्हणून आणलेल्या टाळूंच्या कातड्यांत एक लहान मुलाची दिसते. पुढे गोऱ्यांच्या नावेला भुलवून काठाशी आणण्याचे काम त्याच्यावर येते. नावेतले एक पोर पाहून त्याला गॉर्डी आठवतो आणि तो ओरडून सावध करतो. कायलोगा त्याला मृत्युदंडातून वाचवतो, पण गोऱ्यांच्या वाटेवर आणून सोडतो : यापुढे आपण शत्रू. मुलाला धड इकडचा बाप उरत नाही, ना तिकडचा. कादंबरी तिथेच थांबते.

चित्रपटाला हे झेपले नाही. हर्शेल डॉर्टी दिग्दर्शक. जेम्स मॅकआर्थर नायक, तर डेव्ही क्रॉकेट या सरहद्दीवरच्या वीराच्या रूपात गाजलेला फेस पार्कर दुभाषी सैनिक डेल हार्डीच्या भूमिकेत. कादंबरीत नसलेली शेनँडो ही करारबद्ध मोलकरीण प्रेमकथेसाठी घुसडली आहे (कॅरल लिनली हिचा हा पहिला चित्रपट). इंडियनांनी तिचे आईबाप मारलेले, त्यामुळे तिचा तिरस्कार आणि मग प्रेम हा हिशेब सोपा होतो. मॅकआर्थरचा अवघडलेपणा काही प्रसंगांत खरा वाटतो, जेसिका टँडीची आईही संयत आहे. पण शेवटी विल्स आणि नायक यांची ठोसेबाजी होते, वैर मिटते आणि नायक शेनँडोसह गोऱ्यांच्या जगात मार्गी लागतो. वीस जणांच्या हत्येची सावली असलेला विल्स एका मारामारीने धुऊन निघतो, हे फारच स्वस्तात झाले.

रिक्टर यांनी १९६६ मध्ये ‘अ कंट्री ऑफ स्ट्रेंजर्स’ ही जोडकादंबरी लिहिली. तिच्यात परत आणलेली मुलगी आहे, स्टोन गर्ल. जन्मदात्याच्या दारात उभी राहूनही तिला तिथे जागा मिळत नाही.