अंगणवाडीचा सरकारी निधी

सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना वस्तीतच आहार, आरोग्यसेवा आणि पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे यासाठी केंद्र व राज्य सरकारे अंगणवाडीवर करत असलेला खर्च.

‘अंगणवाडी’ हा शब्द महाराष्ट्राने देशाला दिला. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

सुरुवातीला आहाराचा खर्च राज्यांकडे होता, बाकीचा केंद्राकडे. २००५-०६ पासून केंद्र आहाराचाही निम्मा वाटा देऊ लागले. २००९-१० मध्ये आहार सोडून इतर बाबींसाठी केंद्र व राज्य यांचे ९०:१० हे प्रमाण ठरले. २०१५-१६ पासून ते बहुतेक राज्यांसाठी ६०:४० झाले. म्हणजे या बाबींतला राज्यांचा वाटा एकदम चौपट झाला. ईशान्येकडील राज्यांना मात्र केंद्र आजही ९० टक्के देते.

योजनेचा खरा कस लागतो तो रोजच्या ताटलीत. दर बालकामागे दिवसाला २००८ मध्ये चार रुपये ठरले, २०१२ मध्ये सहा आणि २०१७ मध्ये आठ. गरोदर व स्तनदा मातांसाठी साडेनऊ, तीव्र कुपोषित बालकासाठी बारा. तीन वर्षांखालील मुलांना शिधा घरी दिला जातो. तीन ते सहा वयाच्या मुलांना सकाळचा खाऊ आणि गरम ताजा आहार केंद्रातच मिळतो. दर ठरला तेव्हा या आठ रुपयांतून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यायची होती. आठ रुपयांत बाजारात जेमतेम एक अंडे येते. २०२२ मध्ये ‘पोषण २.०’ या केंद्राच्या नव्या एकत्रित योजनेच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांतही दर तोच राहिला. पाच वर्षांत डाळ-तेल कुठल्या कुठे गेले असताना हा दर गोठवणे म्हणजे मुलांच्याच घासात कपात करणे होय. महाराष्ट्राने आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण आणि पुढे मुलांना अंडी-केळी देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार हक्क ठरवला.

मुलांची वजने घेणे, नोंदी भरणे, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी जाऊन बोलावणे ही सगळी कामे सेविका आणि मदतनीस करतात. त्यांना मिळते ते मानधन. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये झाले. ही रक्कमही ६०:४० ने वाटली जात असल्याने केंद्राच्या तिजोरीतून प्रत्यक्षात २,७०० रुपयेच येतात. वरची भर राज्य घालते: महाराष्ट्राच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० करण्यात आले. या कामाला ‘पगार’ म्हणायला सरकारे तयार नसली, तरी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील खटल्यात मानधन हे वेतनच असल्याचे सांगून सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.