मंगेशीच्या माळा आणि औषधाचा रेणू

मंगेशीच्या देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईपुढे अबोली, जाई आणि शेवंती अशा तीन टोपल्या आहेत असं समजा. तीन-तीन फुलांच्या माळा करायच्या, तर क्रम बदलून २७ प्रकार होतात. ते एकेक मोजून करण्यापेक्षा शे-दोनशे दोऱ्यांचे तीन वाटे करा, प्रत्येक वाट्यात एकाच जातीचं फूल ओवा. मग सगळे दोरे कालवा, पुन्हा तीन वाटे, पुन्हा एकेक फूल. तिसऱ्या फेरीअखेर सगळे प्रकार आपसूक तयार! बाई मात्र वैतागेल, कारण दोरा हातानंच ओवावा लागतो. रसायनात एका भांड्यात लाखो दोरे एकदम ओवले जातात.

ही युक्ती हंगेरीच्या आर्पाद फुर्का यांची, १९८२ सालची. दोरा म्हणजे प्लॅस्टिकचा मणी, बारीक रव्याच्या कणाएवढा. १९६३ साली ब्रूस मेरिफील्ड यांनी अशाच मण्यांवर अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) एकापुढे एक जोडून दाखवली होती. त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सोय अशी, की वाढणारा रेणू मण्याला चिकटलेला राहतो आणि उरलंसुरलं रसायन धुऊन टाकता येतं. २० अमिनो आम्लं आणि तीन फेऱ्या, म्हणजे ६० जोडण्यांत ८,००० रेणू. पाच फेऱ्या केल्या तर १०० जोडण्यांत ३२ लाख! शिवाय एका मण्यावर एकाच जातीचा रेणू.

नव्वदच्या दशकात औषध कंपन्या या कॉम्बिनेटोरियल केमिस्ट्रीवर तुटून पडल्या. हाती फार थोडं लागलं. २००५ साली मंजुरी मिळालेलं कर्करोगावरचं सोराफेनिब हे त्यातलं ठळक नाव. माझ्या मते चूक गणितात नव्हती. रेणूंचा ढीग वाढला, पण कुठला रेणू कशावर चालला आणि कुठला फसला, हे ज्याच्या त्याच्या कपाटात राहिलं.

ते कपाट उघडायचं तर आधी नावांचा घोळ मिटवावा लागतो. पणजी, पंजिम, पोणजें हे एकच गाव, हे गोंयकाराला सांगावं लागत नाही, संगणकाला लागतं. फेणीतला अल्कोहोल अक्षरांत 'सीसीओ' असा लिहितात: दोन कार्बन, एक ऑक्सिजन. कोणी उलट टोकापासून 'ओसीसी' लिहिलं तरी बरोबरच, पण यादीत ते दोन रेणू दिसणार. म्हणून लिहिण्याची एकच ठरीव रीत लागते.

मग परस्परांची माहिती जोडता येते. भारतात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं (दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था याच घरातली) २००८ साली क्षयरोगावरच्या औषधाचा शोध सर्वांना खुला केला. अमेरिकेचं पबकेम हे रेणूंचं कोठार २००४ पासून फुकट आहे. तिथं चाचणीत नापास झालेल्या रेणूंचीही नोंद सापडते, आणि मला ती पास झालेल्यांइतकीच मोलाची वाटते. फेणीतल्या अल्कोहोलचा तिथला क्रमांक ७०२. 'सीसीओ' टाका की 'ओसीसी', पान तेच उघडतं.