"गार्डला मी दिसलोच कसा?" : स्टेल्थ गेमच्या टेस्टिंगमागची गोष्ट

स्टेल्थ गेम, म्हणजे गार्डची नजर चुकवत लपतछपत खेळायचा गेम, कोणाच्याही हातात द्या, पहिली तक्रार ठरलेली असते, "अरे पण त्याला मी दिसलोच कसा?" लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं तो नाव घेऊन ओरडतो, आपला पाय भिंतीबाहेर होता हे लगेच कळतं. गेममधल्या गार्डचे डोळे म्हणजे सगळा हिशोब, उजेड किती, अंतर किती, तुम्ही पळताय की वाकून चालताय, आणि तो हिशोब आपल्याला दिसत नाही ना.

सुरुवातीला हा प्रश्न एवढा टोचत नव्हता. 1981 चा कॅसल वुल्फेनस्टाईन किंवा 1987 चा मेटल गिअर घ्या, अख्खी खोली वरून दिसते, मेटल गिअरमधला गार्ड तर सरळ रेषेतच बघतो, म्हणजे पकडलं गेलं तर चूक कुठे झाली ते समोरच असतं.

खरी पंचाईत झाली 1998 मध्ये, लुकिंग ग्लास या कंपनीच्या थीफ मध्ये. हा फर्स्ट पर्सन, म्हणजे सगळं पात्राच्या डोळ्यांतून बघायचं, स्वतःचं अंग दिसतच नाही, मग आपण अंधारात आहोत की नाही ते कळणार कसं? म्हणून स्क्रीनच्या खाली एक रत्नासारखा खडा आला, उजेडात गेलात की उजळतो, सावलीत काळा पडतो. गार्ड स्वतःशीच मोठ्याने बोलतात, संशय आला तरी बोलतात, शोध सोडून दिला तरी बोलतात, आणि पावलांचा आवाज फरशीवर, लोखंडावर, गालिच्यावर वेगवेगळा. मला तर अजूनही त्या गेममध्ये फरशी लागली की आपोआप हळू चालावंसं वाटतं, इतकं ते अंगात भिनलंय. गंमत म्हणजे ज्या गार्डांवर सगळा खेळ उभा, त्यांचा एआय, म्हणजे ते कसे वागणार हे ठरवणारा कोड, मध्येच फेकून नव्याने लिहावा लागला होता, त्यामुळे गेम मजेशीर आहे की नाही हे रिलीजच्या काही महिने आधीपर्यंत नीट तपासताच आलं नव्हतं. पुढे झॉम्बी आणि राक्षसांच्या लेव्हल अनेकांना आवडल्या नाहीत, ते ऐकून 2000 च्या थीफ 2 मध्ये माणसं, शहर आणि घरफोड्या वाढवल्या. माझ्या मते फीडबॅक ऐकावा तर असा.

2012 च्या मार्क ऑफ द निंजाने तर हा हिशोब प्लेयरपासून लपवायचंच सोडलं, पाऊल वाजलं की आवाज किती लांब जाणार त्याचं वर्तुळच स्क्रीनवर काढून दाखवलं.

पण सगळा फीडबॅक तक्रार बनून येत नाही. त्याच वर्षीच्या डिसऑनर्ड मध्ये एक मेजवानीची लेव्हल आहे, टेस्टिंगमध्ये गार्डने सांगितलं वर जायचं नाही, तर लोक खरंच वर गेले नाहीत! चोरून शिरायचा गेम, आणि सगळे पाहुण्यासारखे खालीच फिरत बसले, शेवटी काय करायचं ते प्लेयरला जरा उघडपणे सुचवावं लागलं.