जपानी लावा घरी पाळताना आणि पिल्ले काढताना

आमच्याकडून पिंजरा, अंडी उबवण्याचे मशीन किंवा लावे नेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक देतो. पक्षी न्यायला येण्याआधी ते एकदा पूर्ण वाचा, कारण यातली बरीचशी तयारी पक्षी घरात शिरण्याच्या आदल्या दिवशीच झालेली हवी.

कोणता पक्षी देतो, कोणता देत नाही

इंदुरात ज्याला सगळे बटेर म्हणतात, तो पिंजऱ्यातला पक्षी म्हणजे जपानी लावा. भारतात तो १९७४ मध्ये आला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे वाण तयार केले. कोंबडीसारखाच तो पिढ्यानपिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला पक्षी आहे.

व्हिडिओ पाहून बरेच जण ‘बटन क्वेल’ मागतात. चार-पाच इंचांचा, जेमतेम ४०-५० ग्रॅमचा तो चिनी रंगीत लावा दिसायला फार देखणा असतो. जोडीजोडीने ठेवला तर सुखात राहतो, त्याची अंडी सोळा दिवसांत फुटतात आणि पिल्लू भुंग्याएवढे असते. पण तो आम्ही ठेवत नाही. ही जात आपल्या देशात रानातही राहते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले लावे पकडणे, विकणे बंद आहे. पिंजऱ्यात जन्मलेला कोणता आणि जाळे टाकून धरलेला कोणता, हे पक्षी हातात घेऊन कळत नाही. माळव्यातल्या शेतांतून धरलेले लावेही कोणी आणून दिले तर आम्ही घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, ही विनंती.

पिंजरा

एक नर आणि तीन माद्या यांच्यासाठी दोन फूट बाय दीड फूट जागा द्या. उंची एक फुटापेक्षा जास्त नको. लावा दचकला की सरळ वर उसळतो, आणि दोन-तीन फूट उंच पिंजऱ्यात त्याला छताशी डोके फोडून घेण्याइतका वेग मिळतो. म्हणून आमच्या पिंजऱ्याला वर पत्रा नसतो, ताणलेली मऊ जाळी असते. मोठे दालन करायचे असेल तर सहा फुटांच्या वर जा. मधली उंची सगळ्यात वाईट.

तळाच्या जाळीवर कायम उभे राहून पाय सुजतात. एका कोपऱ्यात लाकडी फळी टाका आणि कोरड्या रेतीचा एक पसरट ट्रे ठेवा. रेतीत लोळून अंग झाडणे ही लाव्याची अंघोळ आहे. मांजर आणि उंदीर यांचा विचार पिंजरा टांगण्याआधी करा.

खाद्य

मोठा लावा दिवसाला साधारण २५ ग्रॅम खातो. अंडी देणाऱ्या मादीच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिन आणि ३ टक्क्यांच्या जवळ कॅल्शियम लागते. कोंबड्यांच्या लेयर खाद्यात, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या खाद्यात, प्रथिन थोडे कमी पडते, म्हणून आम्ही त्यात सोयाची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, मिसळून देतो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. पिल्लांना मात्र लेयर खाद्य कधीही नको. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे खराब होतात. पिल्लांना पहिले तीन आठवडे २४ ते २७ टक्के प्रथिनाचे खाद्य लागते, तेही बारीक चाळून.

आपला भाग सोयाबीनचा. ‘घरी पोती पडली आहेत, तेच दळून घालू का?’ हा प्रश्न आम्हाला दर हंगामात येतो. कच्चे सोयाबीन घालू नका. त्यात प्रथिन पचू न देणारा एक घटक असतो आणि तो उष्णतेशिवाय मरत नाही. पक्षी पोटभर खातो आणि तरी वाळत जातो. डीओसी तयार होताना तिला उष्णता मिळालेली असते, म्हणून ती चालते.

नर, मादी आणि अंडी

तीन आठवड्यांच्या पिल्लाची छाती पाहा. नराची छाती सलग तांबूस असते, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. सहा-सात आठवड्यांत पक्षी वयात येतात. नुसती खायची अंडी हवी असतील तर नर लागतच नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर आम्ही फक्त माद्याच नेण्याचा सल्ला देतो, कारण नर पहाटेपासून ओरडतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. पिल्ले काढायची असतील तर तीन माद्यांमागे एकच नर ठेवा. नर जास्त झाले की माद्यांची डोकी टोचून रक्तबंबाळ करतात.

चांगली मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. बहुतेक अंडी दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत पडतात, त्यामुळे अंडी गोळा करण्याची वेळ दिवेलागणीची ठेवा. रात्रभर पिंजऱ्यात राहिलेले अंडे मळते, तडकते.

मशीन

जपानी लाव्याच्या माद्या अंड्यांवर बसत नाहीत. माणसाच्या हाताखाली त्यांची ती वृत्तीच गेली आहे, म्हणून मशीन लागते.

उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुतलेली नकोत, फ्रीजमधली तर अजिबात नकोत. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत टोकदार बाजू खाली करून ठेवा. पंख्याच्या मशीनचे तापमान ३७.५ अंश ठेवायचे. अंडी टाकण्याआधी मशीन एक दिवस रिकामे चालवा आणि त्याचा आकडा तपासा. कोमट पाण्यात मशीनचा सेन्सर आणि ताप बघायचा घरगुती थर्मामीटर शेजारी शेजारी धरले की फरक लगेच कळतो. अर्ध्या अंशाची चूकसुद्धा पिल्लांच्या संख्येत दिसते.

चौदा दिवस अंडी फिरवायची, मग फिरवणे बंद. सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्ले निघतात. ओलाव्याचे गणित ऋतूवर आहे. कवचातून पाणी उडून अंड्याचे वजन हळूहळू कमी व्हायला हवे, तरच आत पिल्लाला श्वास घ्यायला हवेची जागा तयार होते. मे महिन्यात मशीनमधल्या पाण्याच्या दोन्ही पन्हाळी भराव्या लागतात, तर ऑगस्टमध्ये कित्येकदा एकही नाही. आर्द्रतामापक स्वस्तातला असेल तर त्यापेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवा. बारा अंडी साधारण १२० ग्रॅम भरतात. तीच चौदाव्या दिवशी १०८ च्या आसपास भरली तर ओलावा बरोबर आहे. वजन फारसे उतरले नसेल तर पाणी कमी करा. शेवटच्या तीन दिवसांत मात्र आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवा, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो.

वीज गेली तर घाबरू नका आणि मशीन उघडू नका. वरून जाड चादर टाका, हवेची भोके मोकळी ठेवा. तासाभराचा गारवा अंडी सोसतात. उष्णता सोसत नाहीत. ४० अंशांच्या वर गेले की गर्भ थोड्याच वेळात मरतात, म्हणून मशीन कधीही उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका.

पिल्ले निघू लागली की झाकण उघडून बघण्याचा मोह फार होतो. एकदा उघडले की ओलावा निघून जातो आणि अर्धवट फुटलेली पिल्ले अडकतात. पोटातल्या बलकावर पिल्लू दिवसभर सहज राहते. वाळून फुलू द्या, मग काढा.

पहिला आठवडा

सगळ्यात जास्त मरतूक याच आठवड्यात होते, आणि जवळजवळ सगळी टाळता येते.

पाणी: सात-आठ ग्रॅमचे पिल्लू बाटलीच्या झाकणाएवढ्या पाण्यातही बुडून मरते. पाणीभांड्याच्या कडेत काचेच्या गोट्या किंवा धुतलेले खडे भरा, चोच शिरेल एवढीच फट राहू द्या. गोट्या आम्ही ब्रूडरबरोबर, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीबरोबर, फुकट देतो, कारण न घेता गेलेला ग्राहक त्या लावायला विसरतो.

जमीन: वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि दोन दिवसांत कायमचे वाकडे होतात. पहिले काही दिवस जुने सुती कापड किंवा गोणपाट अंथरा, नंतर भुसा.

ऊब: सुरुवातीला ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आकड्याइतकेच पिल्लांकडे बघा. दिव्याखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला चोच उघडून पडली असतील तर गरम होते आहे. दिवा एका टोकाला लावा, म्हणजे त्यांना हवे तिथे जाता येईल. ढिगाखालची पिल्ले गुदमरून मरतात, हे रात्री झोपण्याआधी एकदा पाहून घ्या.

रक्त बदला

आमच्याकडे परत येणाऱ्या ग्राहकांची मोठी तक्रार अशी असते, की पहिल्या वर्षी पिल्ले छान निघाली आणि आता अंडी फुटतच नाहीत. मशीन बहुतेक वेळा ठीक असते. त्याच खेपेतली भावंडे एकमेकांत लावली गेलेली असतात. लाव्यांना हे कोंबडीपेक्षाही लवकर भोवते. दोन-तीन पिढ्यांतच अंडी वांझ जातात, पिल्ले कवचात मरतात. म्हणून जोडी देताना आम्ही नर आणि माद्या वेगवेगळ्या खेपांतल्या देतो आणि पायात वेगळ्या रंगाचे कडे घालतो. ती कडी काढू नका. दर पिढीला नर बाहेरचा आणा. आमच्याकडूनच घ्या असे नाही, पण तो कुठल्या खेपेचा ते विचारून घ्या.

इंदूरचे हवामान

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की लावे धापा टाकतात, अंडी कमी होतात. दुपारी पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाका, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या. थंडीत अंडी थांबतात ती बहुतेक उजेड कमी पडल्याने. डिसेंबरात दिवस अकरा तासांहूनही लहान असतो आणि मादीला चौदा-पंधरा तास प्रकाश हवा. टायमरवर छोटा एलईडी दिवा पहाटे लावा. संध्याकाळी लावला तर तो विझताच एकदम अंधार होतो आणि पक्षी उसळतात.

आजार

कोंबड्या आणि लावे एकत्र ठेवू नका. लावा काटक असतो, पण ओल्या भुशात रक्ती हगवण आणि आतड्याचे व्रण लवकर पसरतात. पक्षी फुगून, डोळे मिटून बसला की त्याच दिवशी वेगळा करा. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक पाण्यात घालू नका. मेलेला पक्षी फेकण्याआधी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुचिकित्सालयात विचारा. एकाच दिवशी बरेच पक्षी मेले तर त्यांना हात न लावता तिथे कळवा.

पक्षी न्यायला सकाळी दहाच्या आत या. येताना बाजूला भोके पाडलेला, तळाशी कापड अंथरलेला पुठ्ठ्याचा बुटका खोका आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत आम्ही पक्षी देत नाही.